कुटाराच्या खोलीतलं जनावर

बसा, सतरंजीवरच बसा. लाइट आठच्या आत यायची नाही, तोवर हा चार्जिंगचा दिवा पुरेल. मांडी घालून बसलात तरी चालेल, मी मात्र पाय लांब करून बसते. का ते कळेल.

उद्या तुम्ही पाचही जण पहिल्यांदा माझ्याबरोबर निघणार. जखम कशी धुवायची, घाबरलेल्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी कशी टाकायची, मांजर पोत्यात कसं धरायचं, हे तुम्हाला येतं. एकच गोष्ट शिकवायची राहिली आहे. मी ज्या देशात पशुवैद्यक शिकले तिथे ती कोणी शिकवली नव्हती. ती मी गेल्या मे महिन्यात अचलपूरजवळच्या एका शेतात शिकले, भर दुपारी.

मी पाचवीपासून डेहराडूनच्या शाळेत होते आणि नंतर न्यूझीलंडला. परत आले तेव्हा डोक्यात एकच होतं. आपल्याकडे वादळ आलं की माणसं मोजतात, गुरं पंचनाम्यापुरती मोजतात आणि घरातल्या कुत्र्यामांजरांचं कोणी विचारतच नाही. मी विचारणार होते. कोणी हसलं तर त्याला दहा मिनिटं समजावून सांगायची माझी तयारी असायची.

त्या आठवड्यात समुद्रातल्या चक्रीवादळाचं शेपूट वऱ्हाडापर्यंत आलं. सोमवारी दुपारी अर्धाच तास वारा होता, पण तेवढ्यात परतवाड्याच्या बाजूच्या संत्र्याच्या बागा झोपल्या आणि टिनपत्रे कागदासारखे उडाले. त्यातला एक पत्रा माझ्या मैत्रिणीच्या पायावर पडला. अपेक्षा आणि मी चौथीपर्यंत अकोल्यात एका बाकावर बसायचो. तिचे वडील गेल्यापासून ती आणि तिची आई कौशल्याकाकू मिळून बाग बघतात.

बुधवारी सकाळच्या एसटीनं मी अचलपूरला पोचले आणि थेट दवाखान्यात गेले. अपेक्षाची नडगी दोन ठिकाणी मोडली होती. काकूंनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की डॉक्टर उद्या सकाळी ऑपरेशन करायचं म्हणतात, उशीर केला तर पाय जाईल, आणि ही पोट्टी कुत्रीसाठी अडून बसली आहे. वडिलांची कुत्री. झिपरी. ती सापडल्याशिवाय सही करायला अपेक्षा तयार नव्हती.

मी अपेक्षाला समजावू लागले, तर तिनं माझा हात धरला.

"तू तं अजूनही बातम्याच सांगून राहिली व," ती म्हणाली. माझ्या मराठीला ती नेहमी हेच म्हणते. "मले शिकवू नको. झिपरीले घेऊन ये. बाबा गेले तवा मी त्यायले सांगतलं होतं, तिले मी पाहीन म्हनून."

"सही कर. संध्याकाळपर्यंत आणते."

"आधी आन. मंग सही."

खूण म्हणून तिनं सांगितलं, की झिपरीचा डावा कान फाटलेला आहे. लहान असताना डुकरानं फाडला होता. आणि ती गाभण आहे, दिवस भरत आलेत.

तासाभरात मी शेतावर होते. लिंबाएवढी हिरवी संत्री चिखलात पसरली होती आणि मोडलेल्या फांद्यांचा कडवट आंबूस वास नाकात बसत होता. एकही पाखरू ओरडत नव्हतं. ढग इतके खाली आले होते, की दीड वाजता पाच वाजल्यासारखं वाटत होतं. तिथे एकटे पुंजाराम होते. अपेक्षाकडे वीस वर्षांपासून सालानं काम करणारे, साठीचे, अंगानं काटक. ते बैलांचं दावं खांद्यावर टाकून निघायच्या तयारीत होते.

मी झिपरीचं विचारलं. वादळापासून ती दिसली नाही, असं ते म्हणाले. मग जाता जाता थांबले आणि गोठ्यापलीकडे कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरून ठेवतात त्या विटांच्या खोलीकडे हात केला.

"तिकडं जाऊ नोका बाई. कुटाराच्या खोलीत जनावर हाये."

"कधीपासून?"

"परवापासून. म्या भाएरून कडी लावून घेतली."

 परवापासून म्हणजे दोन दिवस. मे महिन्यात, टिनाखाली.

"त्याला खायला काही दिलंत?"

"त्याले काय द्याचं खाले?"

"निदान पाणी?"

मी त्यांची थट्टा करतेय की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की काळजी करू नका, उद्या दर्यापूरचं पोट्टं येणार आहे, ते धरून नेईल आणि मेळघाटात सोडून देईल.

मेळघाटात. बिबट्यांच्या तोंडी. मी स्वतःला आवरलं नाही. मुक्या जिवाला भीती कळते, तहान कळते, तुम्ही वीस वर्षं ज्या घरचं खाता त्या घरच्या जिवाला कडी लावून कोंडता, असं बरंच काही मी बोलले. पुंजाराम ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "तुमी शिकेल हा. मी काय सांगू. पन वरतं फांदा भी टेकेल हाये. जाऊ नोका."

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का ते?"

"नाई. आयकलं. कुटारात फिरून राहिलं होतं."

एवढं सांगून ते नाल्याकडे बैल शोधायला गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मी थांबले. मग बॅग ओट्यावर ठेवली, फोन बॅगेतच राहिला, खिशात बिस्किटं घेतली आणि जाऊन कडी काढली.

त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यात पोती कोंबलेली होती. आत छातीइतका कुटाराचा ढीग. पाऊस आत गेला की कुटार आतून तापतं, त्यामुळे ओलसर गरम वाफ तोंडावर आली, तोंडाजवळ तोंड आणून कोणी श्वास सोडावा तशी. मी चारच पावलं आत गेले असेन. डोक्यावर टिनपत्रा कण्हला. मग कडाडलं, पाठीमागे काहीतरी जड कोसळलं आणि दारातला उजेड गेला.

छतावर टेकलेला कडुनिंबाचा फांदा घसरून दारावर पडला होता, दाराबाहेर आलेला पत्रा सोबत घेऊन. मी खांद्यानं धक्के दिले. दार दोन बोटंही सरकेना. फटीतून दोऱ्याएवढा उजेड येत होता, तो जमिनीपर्यंतही पोचत नव्हता. मी हाका मारल्या. पुंजाराम नाल्याकडे होते. रस्ता लांब होता. माझा आवाज कुटारात शिरून तिथेच राहत होता.

मी गप्प झाले तेव्हा दुसरा श्वास ऐकू आला.

ढिगाच्या मागून. संथ.

खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटली नाही, हायसं वाटलं. आपण योग्य जागी आलो, असंच वाटलं. मी शिकले होते तसं केलं. खाली बसले, मांडी घातली, तळहात वर करून जमिनीवर ठेवला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि हळू आवाजात बोलत राहिले. झिपरी, ये. झिपरी, घाबरू नकोस. मी आचल, अपेक्षाची मैत्रीण.

कुटारात सरसर झाली. थांबली. पुन्हा झाली, या वेळी माझ्या डावीकडे. मग बराच वेळ काहीच नाही. ते माझ्यापासून हातभर अंतरावर असावं. श्वास तिथूनच येत होता, पण पुढे येईना. बिस्कीट पुढे केलं तरी येईना.

मग मी म्हणाले, "झिपरी, मी तुला इथे सोडून जाणार नाही. घरी घेऊन जाईन."

तेव्हा ते आलं.

ओलं नाक माझ्या तळहाताला लागलं. बिस्कीट गेलं. मग डोकं माझ्या मांडीवर आलं, पाठोपाठ सगळं अंग. जाड, गुंतलेली लव, तिच्यात कुटाराच्या काड्या. मी पाठीवरून हात फिरवत कानापर्यंत नेला. डावा कान चाचपला. अख्खा होता. मी उजवा चाचपला, तोही अख्खा.

"तुझा डावा कान फाटलेला आहे ना गं?" मी म्हणाले. अंधारात डावं-उजवं चुकलं असेल, असं मनाशी म्हणून मी पुन्हा हात नेला. या वेळी फट बोटाला लागली. जुनी, कडा निबर झालेली.

मी पोटाखाली हात घातला. पोट चपटं होतं, कातडी सैल.  "तू तर गाभण आहेस," मी म्हणाले, "दिवस भरलेत तुझे. पाच तरी असतील." आणि माझ्या हाताखाली पोट भरून आलं. भरून आलं, असं मी आज म्हणते. तेव्हा मला वाटलं, तिनं कूस बदलली. मी बोटांनी मोजलं. पाच.

शिकलेलं माणूस काय काय समजून घेऊ शकतं, याचं मला आज नवल वाटतं.

किती वेळ गेला कोण जाणे. पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि पाय आहेत की नाहीत तेच कळेना. एवढीशी कुत्री, पण पोतं ठेवल्यासारखं वजन. हलवू पाहिलं की ते आणखी जड व्हायचं. म्हणून मी हलणं सोडलं आणि बोलत राहिले. उद्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. आपल्याला किती काम करायचंय ते सांगितलं. घरी नेईन, हे आणखी दोनदा सांगितलं.

मग बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पुंजाराम धावत आले असावेत, कारण दाराशी त्यांचा दम लागलेला ऐकू आला.

"बाई… आत हा का?"

"आत आहे. फांदी पडली. मी बरी आहे."

"अन् जनावर?"

"माझ्या मांडीवर झोपलंय," मी म्हणाले. माझ्या आवाजात थोडी प्रौढी होती, ती मला अजून आठवते.

बाहेर दावं जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"हालू नोका," पुंजाराम अगदी हळू म्हणाले. "बिलकूल हालू नोका. म्या कुऱ्हाड आनतो."

"अहो, झिपरी आहे ही. काही करत नाही."

"बाई…" ते थांबले. "झिपरी इथं हाये. माह्यापाशी. नाल्याच्या पायपात सापडली, पिल्लं झाले तिले, तीन."

आणि बाहेरून कुत्री भुंकली. एकदा, दोनदा. दारावर नखं घासल्याचा आवाज आला.

माझ्या मांडीवरचं भुंकलं नाही. त्यानं नुसतं डोकं उचललं.

मी हात उचलला नाही. उचलता आला नाही. लव माझ्या बोटांत होती, गरम होती, तिच्याखाली ठोके पडत होते. मी विचारलं, "काका… तुम्ही जनावर म्हणालात… ते कोणतं?"

"नाव नाई घेत आमी त्याचं. नाव घेतलं का ते आयकते."

"मला कळायला हवं. सांगा."

"भाएर या, मंग सांगतो."

"काका, आत्ता सांगा."

ते दाराजवळ सरकले. मग दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले, "साप, बाई."

माझ्या हाताखालची लव गेली.

झडली नाही, ओढून घेतली नाही, नुसती नव्हती. तिच्या जागी गुळगुळीत गार काहीतरी होतं आणि ते लांबत होतं. मांडीवरून खाली, मागे, माझ्या पाठीला वळसा घालून. ठोके थांबले होते. श्वास मात्र होता, माझ्या कानाजवळ.

त्या क्षणी मला कळलं, की पुंजारामांनी ते पाहिलंच नव्हतं. फक्त ऐकलं होतं. मीही पाहिलं नव्हतं. त्या खोलीत जे होतं त्याला कोणतंच नाव नव्हतं आणि ते नावाची वाट बघत होतं.

"झिपरी," मी म्हणाले.

गारवा थांबला.

"झिपरी. झिपरी. तू झिपरी आहेस."

बोटांखाली केस उगवले. आधी विरळ, मग दाट. ऊब परत आली. पाठीमागचं वळसा सोडून पुढे आलं आणि मांडीवर गोळा होऊन बसलं. मी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात कडेकडेनं पुन्हा गार पडू लागलं.

बाहेर कुऱ्हाडीचे घाव सुरू झाले. पुंजाराम एकटे, फांदा मांडीएवढा जाड. अर्धा तास लागला असेल, कदाचित जास्त. तेवढा वेळ मी न थांबता तेच नाव घेत होते. घसा कोरडा पडला, जीभ टाळूला चिकटली, तरी घेत होते. सुरुवातीला माझ्या प्रत्येक हाकेला बाहेरून खरी झिपरी भुंकायची. मग ती नुसतं कुंई करू लागली. मग तेही थांबलं. मला वाटलं, दमली असेल.

फांदा बाजूला पडला, पत्रा ओढला गेला आणि उजेड आत आला. मी खाली पाहिलं. मांडीवर काही नव्हतं. घामानं भिजलेल्या कुर्त्यावर गोल जागा तेवढी कोरडी होती आणि तिच्यात कुटाराच्या काड्या.

पुंजाराम आत आले नाहीत. मला उभं राहता येत नव्हतं. त्यांनी दावं आत फेकलं, मी ते कमरेला बांधलं, आणि त्यांनी मला गुरासारखं ओढून बाहेर काढलं. मग ते तिथेच चिखलात बसले आणि म्हणाले, "म्या सांगतलं होतं तुमाले." मी हो म्हणाले. नंतर त्यांनी विचारलं, "तुमी त्याले काही कबूल तं नाई केलं?" मी कमरेचं दावं सोडायला लागले.

संध्याकाळी झिपरीला आणि तीन पिल्लांना संत्र्याच्या क्रेटमध्ये घालून आम्ही दवाखान्याच्या खिडकीखाली नेलं. काकूंनी अपेक्षाला आधार देऊन खिडकीशी बसवलं. डावा कान फाटलेला, सगळं जिथल्या तिथे. अपेक्षानं हाक मारली, "झिपरी!" कुत्रीनं मान वळवली नाही. पुन्हा मारली. कुत्री अपेक्षाकडे पाहत शेपटी हलवत होती, ओळखत होती, पण ते नाव तिचं राहिलं नव्हतं. "बहिरी झाली वाटते वादळानं," काकू म्हणाल्या. अपेक्षानं रडत सही केली. पाय वाचला. आता ती त्या कुत्रीला सोनी म्हणते आणि सोनी या हाकेला ती धावत येते. माझ्याजवळ मात्र ती येत नाही. चार हातांवर थांबते, माझ्या मांडीकडे बघते आणि मागे सरते.

दर्यापूरचा मुलगा दुसऱ्या दिवशी आला होता. त्यानं सगळं कुटार उपसलं. साप नव्हता, कात नव्हती, बीळसुद्धा नव्हतं.

मी कबूल केलं होतं तीनदा, घरी नेईन म्हणून. आणि नेलं. अकोल्याला आल्यावर पहिल्याच रात्री जेवायला मांडी घालून बसले, तर पाच मिनिटांत पायांना मुंग्या आल्या. मग वजन आलं. तेव्हापासून मी खुर्चीवर बसते, नाहीतर अशी पाय लांब करून. आजपर्यंत नाव घेतलं नव्हतं. विसरेल, असं वाटत होतं.

म्हणून ती शेवटची गोष्ट. उद्या कोणी म्हणालं, आत जनावर आहे, तर आधी विचारा, कोणतं. त्यानं सांगितलं नाही, तर आत जाऊ नका. गेलातच, तर हाक मारू नका. आणि जे दिसत नाही त्याला घरी नेण्याचं वचन देऊ नका. मी हे काम सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. फक्त एवढं पाळा.

परवा सकाळी एक झालं, तेही सांगून टाकते. मी सवयीनं चुकून मांडी घालून बसले आणि वजन आलंच नाही. अर्धा तास बसले. पाय हलके. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. गेलं, म्हटलं. मग रात्री अंथरुणाशेजारच्या सतरंजीवर हात टेकला तर एक जागा उबदार लागली. तळहाताएवढी. तिच्याजवळ दुसरी. मी मोजल्या. पाच.

हीच सतरंजी. तुम्ही आलात तेव्हा दुसरी सापडली नाही.

बराच वेळ झाला नाही का बोलत? तुम्ही कोणी हललाही नाहीत, चांगलं ऐकता. दिवा जरा इकडे द्या. आणि मला खरं सांगा… तुमच्यापैकी कोणाच्या पायाला मुंग्या आल्यात का?